भुशाचं पोतं

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकते. धर्माचीही थोडी होती, पण त्याला ते काम मीच सांगितलं होतं.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून तुर्भे गावातल्या आमच्या घराच्या पडवीत मी मुलांना शिकवायला बसवत असे. दुपारी तीन ते साडेपाच. पाय धुऊन आत यायचं, एवढाच नियम. सत्त्याण्णव साली माझ्याकडे चौदा मुलं होती. निम्मी आमच्या आगरी घरांतली आणि निम्मी साताऱ्याकडून आलेल्या माथाडी कामगारांची. ही माणसं जवळच्या मसाला बाजारात पाठीवर पोती वाहत. बाजार मुंबईहून इकडे हलला, तशी त्यांची बिऱ्हाडंही आली आणि आमच्या गल्लीत तांदळाच्या भाकरीच्या शेजारी ज्वारीची भाकरी थापली जाऊ लागली.

त्या मुलांत ज्ञानेश्वरी होती. दुसरीत होती, वयाच्या मानाने लहानखुरी. सगळे तिला ज्ञानू म्हणत. तिचे वडील कोंडिबा बाजारात मिरची-हळदीच्या गाळ्यांवर होते. संध्याकाळी घरी जाताना ते तिला न्यायला येत. कपड्यांवर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर मिरचीची लाल धूळ बसलेली असे, म्हणून ते पडवीच्या पायरीपलीकडे कधी येत नसत. आले, तर चौदाच्या चौदा मुलं शिंकायला लागत. डोक्यावरून पाठीपर्यंत रिकाम्या बारदानाची खोळ आणि खांद्याला पोती ओढायचा लोखंडी हूक, असे ते बाहेर उभे राहत आणि आमच्याकडे पाठ करून गुडघ्यांत वाकत.

"आज काय माल?" ते विचारत.

ज्ञानू रोज वेगळं सांगे. हळद म्हणाली की ते कण्हत, कंबर धरत, दर चार पावलांवर थांबत. धने म्हणाली की तिला जरा खाली सरकू देत. मिरची म्हणाली की कोपऱ्यापर्यंत शिंकत जात. ती पाठीवर चढली की "कुठं टाकायचा?" असं विचारत, आणि ती "घरी" म्हणे. वर्षभरात हा खेळ एकही दिवस चुकल्याचं मला आठवत नाही. बाकीची मुलं दप्तर भरायची थांबून तो बघत.

दर सणाला मुलांना काहीतरी करून दाखवायचं, ही माझी जुनी सवय. त्या डिसेंबरात मी नाताळ करायचं ठरवलं. आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर एकही नव्हतं, त्यामुळे मुलांना सगळंच नवीन. मी सुरूची एक फांदी आणली आणि तेलाच्या पत्र्याच्या डब्यात खाडीकाठची माती भरून त्यात ती उभी केली. मुलांनी चांदीच्या कागदाच्या चांदण्या कापल्या. मग मी त्यांना लाल कपड्यांतल्या त्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली, की तो पाठीवर पोतं घेऊन येतो आणि मुलांना खाऊ ठेवून जातो.

ज्ञानूने हात वर केला. "पोतं पाठीवर घेतो? मग तो माथाडी आहे का, बाई?"

मुलं हसली. ती हिरमुसू नये म्हणून मी म्हटलं, "हो, तसंच समज. तुझ्या आण्णांसारखा." ती इतकी खूश झाली की त्या दिवशी तिने पाठीवर चढताना स्वतःचा माल खेळणी असा सांगितला.

मुलांना तो म्हातारा बघायचा होता. धर्मा हा माझ्या भावाचा मुलगा. गल्लीत केबल त्याची होती आणि दुपारी तो आपल्या व्हिडिओवरून कॅसेट लावत असे. मी त्याला म्हटलं, नाताळचा एखादा इंग्रजी सिनेमा मिळाला तर रविवारी लाव, भाषा नाही कळली तरी चित्र कळेल. त्याने वाशीहून कॅसेट आणली. रविवारी तीन वाजता मी मुलांना पुढच्या खोलीत टीव्हीसमोर बसवलं आणि स्वयंपाकघरात त्यांच्यासाठी शंकरपाळे तळायला गेले. मधूनमधून मुलं ओरडत होती. मला वाटलं, मजा येतेय. बेचाळीस वर्षं मुलांत काढलेल्या बाईला ओरडण्या-ओरडण्यातला फरक कळायला हवा होता, पण कढईतल्या तेलाचा आवाज होता, आणि खरं सांगायचं तर मी माझ्यावरच खूश होते.

ताट घेऊन बाहेर आले तेव्हा पडद्यावर एक धुराडं होतं आणि त्यातून एका माणसाचे नुसते दोन पाय लोंबकळत होते. खाली त्याची बायको शांतपणे केक कापत होती. तो एक भलताच सिनेमा होता. भीती दाखवता दाखवता हसवणारा, मोठ्या माणसांसाठी काढलेला. त्यातला म्हातारा खाऊ वाटत नव्हता. वर्षभर ज्यांनी खोड्या केल्या त्या मुलांना तो हुकाने ओढून पोत्यात घालत होता, आणि सकाळी दोरीवर त्या मुलांचे फक्त मोजे वाळत असत. लाल अंगरखा, लाल तोंड, पाठीवर गोणपाटाचं पोतं. मी टीव्ही बंद केला.

धर्माला बोलावून विचारलं, तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "आत्या, मना काय म्हायती? कवरवर लाल टोपी हाय, झाड हाय, बर्फ हाय. मी बोल्लो, पोरांचाच हाय."

बहुतेक मुलांना काही झालं नाही. आठवडाभर गल्लीत पोती घेऊन एकमेकांना पकडण्याचा खेळ चालला, एवढंच. भ्यायची ती एकच भ्याली, आणि ते मला दुसऱ्या दिवशी साडेपाचला कळलं.

कोंडिबा नेहमीसारखे आले. त्या दिवशी मिरचीच्या गाड्या उतरल्या असाव्यात, कारण ते पापण्यांपर्यंत लाल होते. खांद्याला हूक, डोक्यावर खोळ. ते पाठ करून वाकले आणि म्हणाले, "आज काय माल?"

ज्ञानू माझ्या पाठीमागे गेली आणि तिने माझ्या लुगड्याचा घोळ दोन्ही मुठींत धरला. ओरडली नाही, रडली नाही. कोंडिबा वाकलेलेच राहिले. त्यांनी पुन्हा विचारलं. मग ते सरळ झाले, वळले आणि माझ्याकडे बघू लागले. शेवटी ती त्यांच्याबरोबर गेली, पण चालत, आणि दहा पावलं मागून.

मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. मी तिला जवळ बसवून समजावलं. तो नट असतो, तोंडावर रबराचा मुखवटा असतो, पोत्यात कोणी नसतं, हे सगळं सांगितलं. मुखवट्याचं चित्र काढून दाखवलं. ती दरवेळी "हो बाई" म्हणाली. मुलांच्या "हो बाई"चे दोन प्रकार असतात. एक कळल्यावरचा, आणि दुसरा बाईंना वाईट वाटू नये म्हणून. हा दुसरा होता.

इकडे कोंडिबांचंही वागणं बदललं. ते बाजारातल्या नळावर अंघोळ करून यायला लागले. डिसेंबरच्या वाऱ्यात ओले केस, धुतलेला सदरा, हातात काही नाही. बारदान गाळ्यावर ठेवून येत. हूक तर मंगळवारपासून हरवलाच होता. घरात खुंटीला असायचा, तो तिथून गेला. कोणी नेला असेल म्हणून ते दोन-तीन घरी विचारूनही आले. टोळीतल्या ज्ञानदेवचा जादा हूक घेऊन काम भागवत होते. त्यांनी अंघोळ केली तरी ज्ञानू जवळ आली नाही. धुतलेल्या माणसाच्या मागूनही ती दहा पावलं अंतर ठेवूनच चालत होती.

शुक्रवारी ते एकटे आले. मुलगी आईबरोबर घरी गेली होती. मी आत या म्हटलं, तरी पायरीवरच बसले. हातांकडे बघत होते. शंभरदा धुतले तरी त्यांच्या नखांच्या कडा लालच राहत.

"बाई, पोरीला माजा वास येतोय का?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हटलं, आणि सिनेमाचं सगळं सांगितलं. माझं ते "आण्णांसारखा" म्हणणंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मला एक शब्द वावगा बोलले नाहीत. मग सांगितलं, की उज्वला, म्हणजे त्यांची बायको, म्हणतेय पोरगी नीट जेवत नाही, बाप घरात आला की चुलीमागे जाऊन बसते. पाटणकडे गावी आजी आहे, वेणूबाई. रविवारी दुपारी ओळखीचा ट्रक रिकामा परत चाललाय. उज्वलाचा भाऊ त्यात आहे, त्याच्याबरोबर पोरीला गावी पाठवायचं ठरलं आहे.

"किती दिवस?" मी विचारलं.

"भ्या जाईस्तवर," ते म्हणाले. "इथं मी हाय, तवर तिचं भ्या जायाचं न्हाई."

शाळा मधेच सुटेल, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही. त्यांना ते माहीत होतं. गावी गेलेलं मूल वर्षभर परत येत नाही, हे आमच्या पडवीत मी चारदा पाहिलं होतं. पण शाळेपेक्षाही मला दुसरंच दिसत होतं. ती गावी भीती घेऊनच जाणार होती आणि तिथे तिच्यासमोर बाप नसणार, म्हणजे उरणार फक्त तो सिनेमातला. मी कोंडिबांना विनंती केली की रविवारी सकाळी तुम्ही दोघं माझ्याकडे या. एक तास. मग ट्रक आहेच.

धर्माला सांगितलं, तीच कॅसेट घेऊन ये. तो म्हणाला, "आत्या, येरी झालीस का?" पण आला. व्हिडिओ प्लेअर काखेत मारून आला आणि तारा जोडून, मान खाली घालून बसला. माझा विचार साधा होता. सिनेमात एका ठिकाणी त्या म्हाताऱ्याच्या मानेमागे मुखवट्याची चेन दिसत होती. मी आदल्या दिवशी धर्माच्या घरी कॅसेट पुढेमागे करून ती जागा शोधून ठेवली होती. ज्ञानूला ती चेन दाखवायची. मुलाला भीतीची शिवण दाखवली की भीती उसवते, असा माझा अनुभव.

सकाळी अकरा वाजता दोघं आली. ज्ञानूच्या अंगावर गावी जायचा नवा फ्रॉक होता. ती माझ्या मांडीला टेकून बसली. कोंडिबा उंबऱ्यावर बसले. त्यांनी हा सिनेमा पाहिलाच नव्हता. हे तोपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं, की ज्या माणसामुळे त्यांचं घर मोडायला आलं त्याला त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं.

चेनची जागा आली. धर्माने चित्र थांबवलं. मी बोट ठेवून दाखवलं. ज्ञानूने बघितलं आणि हळूच म्हणाली, "ते माहीत आहे मला, बाई. तोंड खोटं आहे. पण पोतं खरं आहे. हूक पण खरा आहे."

चार दिवस मी जे शिकवत होते ते तिला केव्हाच येत होतं. तिने पोतं ओळखलं होतं. तसलं पोतं तिने रोज पाहिलं होतं, त्याच्या खोळीत ती बसली होती.

धर्माने कॅसेट पुढे सोडली. म्हाताऱ्याने हुकाला धरून पोतं उचललं, खांद्यावर टाकलं आणि बर्फातून तरातरा चालू लागला. आत एक जाडजूड मुलगा आहे, असं आधी दाखवलं होतं.

"धर्मा, जरा मागं घे," कोंडिबा म्हणाले.

धर्माने मागे घेतलं. म्हाताऱ्याने पुन्हा पोतं उचललं.

"आनखी एकदा."

तिसऱ्यांदा बघितल्यावर कोंडिबा उंबऱ्यावरून उठले आणि, गेल्या वर्षभरात पहिल्यांदाच, आत आले. टीव्हीपुढे उकिडवे बसले. एखादा बैल विकत घ्यायला आलेला माणूस बैलाचे दात बघतो, तसं त्या पडद्याकडे बघायला लागले.

"आत पोर न्हाई," ते म्हणाले.

त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "हे बघा, पोतं कसं गोल फुगलंय. जिता जीव आसता तर खाली बसला आसता. हळद टोचती, धनं खाली सरकत्यात, मिरची फुगती पर दाबली की दबती. हे नुसतं फुगलंय. ह्यात भुसा हाय. भुसा, न्हायतर कापूस."

"वजन तरी किती आसंल?" धर्माने विचारलं. त्याला आता रस आला होता.

"वजन कसलं? त्याचं गुडघं बघ की. मन-दीड मन पाठीवर आलं की मानूस आधी गुडघ्यात बसतो, मग उठतो. ह्यो ताठ उभा ऱ्हाऊन उचलतोय. आसं खरं पोतं उचललं तर कंबर जाईल. ह्याला मुकादम पहिल्याच दिवशी टोळीतनं काढून टाकंल."

माझ्या मांडीला टेकलेलं डोकं जरा वर झालं.

"पण तो पोरांना नेतो, आण्णा," ज्ञानू म्हणाली. आठवडाभरात ती त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली होती. कोंडिबांनी वळून बघितलं नाही. ते शहाणपण त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे. पडद्याकडे बघतच त्यांनी उत्तर दिलं.

"कसा नेईल? आगं, ह्याला हूक धरता येत न्हाई. बघ, टोक आत घालतोय. टोक आत गेलं की पोतं फाटतं, माल रस्त्यावर. मग मालकाच्या शिव्या. हूक कापडाला लावायचा, वरच्या वर, शिवणीपाशी. मालाला कदी लागू द्यायचा न्हाई. बत्तीस वर्सं आज्ज्यानं तुज्या हूक मारला, मालाला एक भोक पडलं न्हाई. त्याचाच हूक माज्याकडं आला." त्यांनी रिकामी मूठ धरून दाखवली. "दावला आसता तुला कसा लावत्यात. पर आता त्यो हूक न्हाई."

ज्ञानू उठली. मला वाटलं पाणी प्यायला चालली. ती पडवीत गेली आणि सुरूच्या फांदीपुढे उभी राहिली. ती फांदी आठवडाभर एका बाजूला कलत होती. मी रोज माती दाबून ती सरळ करत होते आणि खाडीच्या मातीला दोष देत होते. ज्ञानूने फांदीला दोन्ही हातांनी धरून उपटलं. चांदण्या खाली पडल्या. डब्यात कोपरापर्यंत हात घालून तिने हूक बाहेर काढला. चिखलाने माखलेला. मुठीला आज्ज्याने गुंडाळलेलं कापडही काळं झालेलं.

तो धरून ती दारात आली. नव्या फ्रॉकवर मातीचे ओघळ.

"मी लपवला," ती म्हणाली. "तुमी कुनाला न्यायला नको म्हणून. आता मी पण खोडी केली. आता मला घालणार पोत्यात?"

खोलीत टीव्हीवर बर्फ पडत होता. मला वाटलं ते तिला उचलून छातीशी धरतील. मी असते तर तेच केलं असतं, आणि ते चुकलं असतं. कोंडिबा उठले नाहीत. त्यांनी नुसता हात पुढे केला, तळवा वर करून.

"खारी माती लागलीया," ते म्हणाले. "गंजंल. चल, धुऊ."

ती दोन पावलं आली. थांबली. मग आणखी आली आणि हूक तिने त्यांच्या हातात दिला, मूठ त्यांच्याकडे करून. मागे मोरीत दोघं बसली. मी दारातून बघत होते. ती तांब्याने पाणी ओतत होती आणि ते काथ्याने लोखंड घासत होते. कापड सोडून वेगळं धुतलं. त्याखालचं लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं. तिथे बोट ठेवून त्यांनी तिला काहीतरी सांगितलं, ते मला ऐकू आलं नाही. बहुधा आज्ज्याचं असावं.

धर्मा मधेच म्हणाला, शेवट बघायचा का, त्या पाय लोंबकळणाऱ्या माणसाचं काय झालं ते राहिलं. मी त्याला टीव्ही बंद करायला लावला आणि एक रिकामं पोतं आणायला पाठवलं. त्यात आम्ही मुलांच्या जुन्या वह्या भरल्या. कोंडिबांनी पडवीत ज्ञानूला दाखवलं, हूक कुठे लावायचा, गुडघे कधी वाकवायचे, मान कुठल्या बाजूला घ्यायची. तिने हूक लावून ओढला. पोतं जागचं हललं नाही, पण फाटलंही नाही. कोंडिबांनी वाकून टोक बघितलं आणि म्हणाले की कापडालाच लागलंय. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पाढा न चुकता म्हटल्यावर मुलं जसं बघतात, तसं.

एक वाजता उज्वला कपड्यांची पिशवी घेऊन आली, ट्रक सुटायची वेळ झाली म्हणून. तिने पडवीतली उपटलेली फांदी बघितली, मुलीचा चिखलाचा फ्रॉक बघितला, आणि नवऱ्याकडे बघितलं. कोंडिबा म्हणाले, "भावाला सांग, ट्रक तसाच जाऊ दे." ती पिशवी तशीच हातात घेऊन उभी राहिली, जणू खाली ठेवली तर ठरलेलं बदलेल.

जायला निघाले तेव्हा कोंडिबांनी बारदान मागितलं. वह्या काढून मी ते दिलं. त्यांनी एक कोपरा दुसऱ्यात घालून खोळ केली, डोक्यावर घेतली, खांद्याला हूक अडकवला. पायरीखाली उतरले. ज्ञानूकडे पाठ केली आणि गुडघ्यांत वाकले. विचारलं काहीच नाही. मला वाटतं, विचारायचा धीर त्यांना झाला नाही.

ज्ञानू पायरीवर उभी होती. तिने त्या खोळीकडे बराच वेळ बघितलं. मग खाली बसून तिने सुरूच्या चांदण्यांतली एक उचलली, खोळीच्या गोणपाटात खोचली आणि पाठीवर चढली.

"मी आज भुसा," ती म्हणाली.

कोंडिबा उठले. आधी गुडघ्यात बसून, मग सरळ होऊन, जसं उठायचं असतं तसं. दोन पावलं गेले आणि थांबले.

"खोटं बोलतीस," ते म्हणाले. "भुसा येवढा जड नसतो. कुठं टाकायचा?"

तिने उत्तर दिलं ते मला इथपर्यंत ऐकू आलं नाही. कोपऱ्यावर ट्रकची रांग होती, तिच्या बाजूने ती तिघं वळली. मी फांदी पुन्हा डब्यात लावली आणि माती नीट दाबली. या वेळी ती सरळ उभी राहिली.